पहिलीतल्या मुलाला रोज तीन वह्या: शाळा फार मागतेय का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर कळेल. मुलगा पहिलीत, इंग्रजी माध्यम, जन्म नोव्हेंबरचा, म्हणजे आज पाच वर्षं नऊ महिने. रोज तीन वह्यांचा गृहपाठ. शनिवारी दहा शब्दांचं डिक्टेशन. दिवाळीच्या सुट्टीआधी पाचपर्यंतचे पाढे, तेही लेखी. डायरीत तिसऱ्यांदा शेरा आलाय, 'लिखाण सावकाश, वर्गकाम अपूर्ण'. संध्याकाळी वही काढली की रडारड, आणि गेले पंधरा दिवस सकाळी पोटात दुखतं. सासूबाई म्हणतात, याच्या बापाला या वयात वीसपर्यंत पाढे पाठ होते. शेजारच्या ताई म्हणतात, क्लास लावून टाक. आणि तुम्ही विचारलंय, शाळा खरंच फार मागतेय, की मीच त्याला लाडावून ठेवलाय?

मी २७ वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. सुरुवातीची नऊ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत, पुढची एका खासगी इंग्रजी शाळेत. आता बालवाडीच्या ताईंची शिबिरं घेते. पण तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, हे धरूनच पुढचं वाचा. तो पेन्सिल कशी धरतो, वर्गात मुलं किती, बाई नवीन की मुरलेल्या, घरात इंग्रजी कितपत कानावर पडतं, यातल्या प्रत्येक गोष्टीनं उत्तर थोडं इकडंतिकडं सरकतं.

लाडाचा मुद्दा लगेच संपवू. लाडावलेलं मूल जेवणात नखरे करतं, मोबाईलसाठी हटून बसतं, झोपायच्या वेळी त्याला तहान लागते. मूल दिवसभर नीट वागतं आणि एकाच कामाला रोज रडतं, तेव्हा मी मुलाकडे नंतर बघते, त्या कामाकडे आधी. तुम्हीच लिहिलंय की गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही, आणि खेळण्यातल्या गाड्या रांगेत लावून तीसपर्यंत मोजतो. हे मूल आळशी नाही, मंद तर नाहीच.

मग शाळा फार मागतेय का? लिहिण्याच्या बाबतीत, हो, वयाच्या बरंच पुढचं मागतेय. बोलणं, समजणं, विचार करून सांगणं, या बाबतीत मात्र मला वाटतं ती फारच कमी मागतेय. माझी खरी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, पण तिच्याकडे यायला थोडं फिरून जावं लागेल.

पहिल्यांदा वय. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. म्हणजे एकाच बाकावर जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल शेजारीशेजारी. चाळिशीतल्या दोन माणसांत अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे काहीच नाही. या वयात ते आयुष्याचा सहावा भाग असतं. मी दरवर्षी जूनमध्ये हजेरीपटावर नावापुढे पेन्सिलीनं जन्ममहिना लिहून ठेवायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, एका फजितीतून सुचलं. एका वर्षी मुख्याध्यापकांनी मागितली म्हणून ऑगस्टमध्ये 'मागे पडणाऱ्या मुलांची यादी' करून दिली, आणि सहज जन्मतारखा पडताळल्या, तर बहुतेक नावं ऑक्टोबर ते डिसेंबरची. मी अभ्यासात मागे असलेल्यांची यादी करतेय असं समजत होते. खरं म्हणजे ती वर्गातल्या धाकट्यांची यादी होती. तुमच्या मुलाच्या डायरीतला 'सावकाश' हा शब्द वाचताना त्याचा नोव्हेंबर विसरू नका.

आता हात. एक कोरा कागद घ्या आणि त्याला म्हणा, मी काढते तसं काढ. गोल, अधिकचं चिन्ह, चौकोन, त्रिकोण आणि शेवटी पत्त्यातली चौकट. साधारणपणे मुलांना तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचच्या पुढेमागे त्रिकोण. चौकट मात्र सहा-सातच्या दरम्यान येते. तिरक्या दोन रेघा वळवून पुन्हा एकमेकींना भेटवायच्या, हे डोळ्याला दिसतं पण हाताला उमगत नाही. इंग्रजी अक्षरांत अशा तिरक्या रेघा किती आहेत बघा: के, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड. त्यात चौरेघी वही, म्हणजे प्रत्येक अक्षर कुठल्या रेघेपासून कुठल्या रेघेपर्यंत हे लक्षात ठेवायचं. बी आणि डी उलटे होतात म्हणून पालक घाबरून येतात. सातव्या वर्षापर्यंत ते होतच असतं. मुलाला कप उजवीकडे फिरवला काय आणि डावीकडे फिरवला काय, कपच राहतो. अक्षर फिरवलं की नाव बदलतं, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच अशी वस्तू.

आपल्या जुन्या शिक्षकांना हे बरोबर माहीत होतं. 'गमभन' हा शब्द कुठून आला याचा कधी विचार केलात? वर्णमालेत क आधी येतो, पण हाताला ग सोपा. ग, म, भ, न या चौघांचा उजवीकडचा दांडा एकच. एक वळण बसलं की पुढचं त्यातूनच निघतं. क, झ, ळ मागाहून. पुस्तकाच्या क्रमाऐवजी हाताचा क्रम धरलेला. आणि हे सगळं पाटीवर. पाटी पुसता येते, पाटीवरची चूक कुणी जपून ठेवत नाही, पाटीवर तारीख टाकून सही करत नाहीत. वही आली की चूक कायमची झाली, आणि पालकसभेत ती सगळ्यांसमोर उघडली जाऊ लागली.

इथे एक कबुली द्यायला हवी. खासगी शाळेत आल्यावर पहिली पाच-सहा वर्षं मीसुद्धा हेच केलं. वह्या भरल्या की पालक खूश, पालक खूश की मुख्याध्यापक खूश. एका वर्षी मी दोन महिने फक्त तोंडी काम, चित्रं, माती, मणी आणि गाणी असं चालवलं. सप्टेंबरच्या पालकसभेत एका वडिलांनी कोरी वही वर धरून विचारलं, "मॅडम, आम्ही फी कशाची भरतो?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पानं भरायला लागले. तेव्हा 'शाळा' दबाव टाकते असं म्हणताना हेही ध्यानात घ्या, की त्या दबावाचं एक टोक आपल्याच हातात आहे. तुमच्या मुलाच्या बाईंना कदाचित वाटतही असेल की हे लिखाण फार होतंय.

कारण कागदावर सरकार एवढं मागतच नाही. पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्रानं २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत कार्यक्रमाची उद्दिष्टं पाहा. पहिलीच्या अखेरीस, म्हणजे वर्ष संपताना, मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी यावी. गुणाकाराची सोपी उदाहरणं तिसरीत. तुमच्याकडे पहिलीच्या दिवाळीला पाढे लेखी मागितलेत. त्याच वर्षी 'विद्याप्रवेश' नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम आला. त्यात पहिलीचे पहिले तीन महिने खेळातून पूर्वतयारी करायची, असं सांगितलंय. आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नको. त्याऐवजी काय, हेही तिथे आहे: मुलांनी वर्गात येऊन सांगावं की काल संध्याकाळी काय खेळलो, काय जेवलो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. पण शाळा दुसऱ्या बोर्डाची असो की राज्याची, पुस्तकं खासगी प्रकाशकांची, वेळापत्रक संस्थेचं, आणि धोरण म्हणजे फौजदारी कायदा नव्हे. तुम्ही ते धोरण छापून घेऊन बाईंच्या टेबलावर ठेवलंत तर त्या हसतील आणि दुसऱ्या दिवशीही तीन वह्या येतील.

हा वाद जुना आहे. १९९३ साली प्रा. यशपाल समितीनं दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला, आणि त्यातलं म्हणणं लोक अजून अर्धवटच सांगतात. किलो-ग्रॅमचा मुद्दा त्यांनी गौण मानला. न समजणाऱ्या गोष्टी वाहून नेण्याचं ओझं सगळ्यात जड, असं त्यांनी म्हटलं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला याच ओझ्याची शंका आहे, आणि ती भाषेपासून सुरू होते.

घरी तुम्ही मराठी बोलता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तर एक करून पहा. या आठवड्यात इंग्रजीच्या पुस्तकातला जो धडा झाला, त्यातलं चित्र दाखवून विचारा, "काय झालं रे यात?" उत्तर मराठीत चालेल. त्याला गोष्ट माहीत असेल तर तो वर्गात ऐकतोय, समजतोय, फक्त इंग्रजी शब्दांची अक्षरं हाताला जमत नाहीयेत. ही काळजीची बाब नाही. त्याला गोष्टच माहीत नसेल, तो चित्रावरून काहीतरी रचत असेल, तर तो दिवसाचे पाच तास न कळणाऱ्या आवाजात बसतोय आणि फळ्यावरची चित्रं उतरवल्यासारखी अक्षरं उतरवतोय. अशा मुलाला डिक्टेशनचे दहाच्या जागी वीस शब्द दिले काय, पाच दिले काय, फरक पडत नाही. त्याला आधी इंग्रजी ऐकायला आणि बोलायला हवंय. आणि नेमकं तेच शाळेत होत नाही, कारण बोललेलं वहीत दिसत नाही.

आकड्यांचंही तसंच. आजी विचारते 'त्रेसष्ट', शाळा म्हणते 'सिक्स्टी थ्री'. इंग्रजीत साठ आधी, तीन मागून, जसं लिहितो तसं. मराठीत तीनचा आवाज आधी, साठाचा मागून. त्यात एकोणतीस म्हणताना तोंडात तीस, हातात दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? विधिमंडळापर्यंत टिंगल गेली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात, आणि जुनी पद्धत काढलेली नाही, शेजारी एक सोपी ठेवलीय. मला ते पटलं होतं, कारण 'बावन्न' ऐकून २५ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहिलीत. तुमचा मुलगा तर दोन भाषांत मोजतोय. एखादा आकडा उलटा आला तर गणित कच्चं आहे असा अर्थ काढू नका. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा आदेश निघाला होता, तो जूनच्या शेवटी मागे घेतला गेला. त्यावरच्या राजकारणात मला पडायचं नाही. पहिलीच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की पहिली भाषाच अजून नीट बसायचीय.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्या मुलाला वीसपर्यंत पाढे येत असतीलही. पण ते तोंडी होते, सुरात होते, संध्याकाळी देवापुढे शुभंकरोती झालं की सगळी भावंडं एकत्र म्हणायची. 'बे एके बे, बे दुणे चार' याला ठेका आहे, तो कानातून आत जातो, त्यासाठी पेन्सिल लागत नाही. शिवाय दुपारभर गल्लीत खेळून झालेलं असायचं. अर्थात त्या काळात जी मुलं अडखळली ती तिसरी-चौथीत शाळेतून गुपचूप गळाली. 'आमच्या वेळी' म्हणताना ती कुणाला आठवत नाहीत. तर सासूबाईंनाच कामाला लावा. चिंचोके घेऊन दोन-दोनच्या ढिगाऱ्या करायच्या आणि सोबत पाढा म्हणायचा. एवढं रोज दहा मिनिटं. तुम्ही आणि मी मिळून शिकवणार नाही इतकं गणित त्यातून होईल, आणि घरातला तंटाही मिटेल.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की बाई म्हणतायत, अपेक्षा कमी करा. ते मी म्हणत नाही, आणि याचं कारण माझी पहिली नऊ वर्षं. त्या शाळेत पहिलीकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. 'ही मुलं काय शिकणार' हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलंय. मुलं वर्षभर यायची, खिचडी खायची, आणि दुसरीत जायची. मुलांना वाचता-मोजता येतं का याची जी 'असर' नावाची पाहणी होते, तिचा २०२४ चा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात तिसरीच्या दर चार मुलांमागे जेमतेम एकालाच दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता येतो. म्हणजे एकाच राज्यात एका शाळेत पाच वर्षांच्या मुलाला रडेपर्यंत लिहायला लावतात, आणि पन्नास किलोमीटरवर आठ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दुसऱ्या मुलासाठी 'मुलांवर ओझं नको' हे वाक्य म्हणजे सोय असते, मोठ्यांची.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरचं मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच त्याच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच. मी शिकत असताना कोसबाडला दोन दिवस राहिले होते. जे मनात राहिलं ते सांगते. तिथं मुलांकडून भरपूर अपेक्षा होत्या. पानं, बिया, शंख, खडे वेगळे करायचे, मोजायचे, रांगेत मांडायचे, जागच्या जागी ठेवायचे. स्वतःचं नाक स्वतः पुसायचं. गाणं पूर्ण म्हणायचं. काय पाहिलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. हे सगळं सोपं नाही, तुमच्या मुलाच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना जमणार नाही. पण वयाला पेलणारं आहे, आणि त्यातून लिहिणं-वाचणं उगवतं. शाळा कमी मागते असं मी वर म्हटलं ते या अर्थानं. दहा शब्दांचं डिक्टेशन घेणारी शाळा मुलाला 'तुला काय वाटतं?' असं आठवड्यातून किती वेळा विचारते?

आता करायचं काय. माझ्या हातात असतं तर पुढचे तीन आठवडे मी असे घालवले असते.

गृहपाठाला वीस मिनिटं, घड्याळ लावून. संपलं तिथं थांबायचं, मध्येच असलं तरी. उरलेलं तुम्ही त्याच्या अक्षरात लिहून देऊ नका. हे खूप आया करतात, आणि मुलाला त्यातून एकच कळतं की खोटं चालतं. वहीत खाली लिहा: 'वीस मिनिटं बसला, एवढं झालं.' सही करा. त्याआधी बाईंना भेटून हे सांगितलेलं असू द्या. भेटताना व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या इतर चार आयांना घेऊन जाऊ नका, एकट्या जा, शाळा सुटल्यावर जा. 'गृहपाठ फार आहे' असं म्हणालात तर बाई बचावात जातील, कारण तो त्यांनी ठरवलेला नसतो. त्याऐवजी म्हणा, "तो नोव्हेंबरचा आहे, लिहिताना हात दुखतो म्हणतो. तीन ओळींऐवजी एक ओळ नीट काढली तर चालेल का? आणि डिक्टेशन तोंडी घ्याल का काही दिवस?" बहुतेक बाई हो म्हणतात. कायद्यानं प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. त्यांच्यापुढे कदाचित पंचेचाळीस असतील. एक मूल रडत नाही म्हटल्यावर त्यांचाही अर्धा तास वाचतो. नाही म्हणाल्या तर शाळेबद्दल तुम्हाला एक गोष्ट कळली, तीही कामाची.

हाताला काम द्या, पण पेन्सिलीचं नको. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कणकेचे छोटे गोळे करणं, कपड्यांचे चिमटे लावणं, रांगोळीचे ठिपके. रविवारी मैदानावर लोंबकळायचे बार असतील तर तिथे सोडा. खांदा बळकट नसेल तर बोटं बिचारी काय करणार. दिवाळीपर्यंत किल्ला करू द्या, मनसोक्त चिखलात.

रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवा, मराठीतच. शब्दांवर बोट ठेवा, पण 'हे वाच' म्हणू नका. शेवटी एकच प्रश्न, तुम्हालाही ज्याचं उत्तर माहीत नाही असा: "ती म्हातारी परत आली असती तर?"

क्लास लावू नका. पाच तास बसलेल्या मुलाला सहावा तास बसवणं एवढंच त्यातून होतं, आणि तिथेही वहीच. जाता जाता झोपेचं: शाळा किती वाजता भरते ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तरी बसच्या फेऱ्यांसाठी सातची शाळा चालवणाऱ्या अजून आहेत. सहाला उठणारं मूल साडेआठला झोपायला हवं. दहाला झोपत असेल तर माझं वरचं सगळं फुकट आहे.

तीन आठवड्यांत रडणं कमी झालं, तर प्रश्न वयाचा आणि हाताचा होता, तो वाढेल तसा सुटेल. नाही झालं, तर शांतपणे पुढचं तपासा. डोळे आणि कान सगळ्यात आधी. वर्षानुवर्षं 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेल्या एका मुलीला फळा दिसतच नव्हता, हे मी पाहिलंय. बोलायला उशिरा लागला होता का, दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी विसरतो का, 'काका-बाका-टाका' असे यमकाचे शब्द त्याला सुचतात का, हे पहा. यात अडत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून पुढे वाचा-भाषा तज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित सतत अडण्याचं, रीतसर निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास होतं. आत्ता कुणी छातीठोकपणे ते नाव चिकटवलं तर दुसरं मत घ्या. पण निदान होत नाही म्हणून मदतही थांबवायची नसते.

सिनियर केजीत परत बसवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नुसतं लिखाण मागे असेल तर मी बसवणार नाही, मित्र सुटतात आणि मुलाला ते कळतं. पण बोलणं, हात आणि तुमच्यापासून दूर राहणं, या तिन्हींत तो कच्चा असेल, तर एक वर्ष थांबण्यात काहीही कमीपणा नाही. याचा निर्णय मार्चमध्ये घ्या, आत्ता रागात नको.

राहिली पोटदुखी. रविवारी दुखतं का, हे आधी आठवा. रविवारीही दुखत असेल तर डॉक्टर. फक्त शाळेच्या दिवशी दुखत असेल तरी एकदा डॉक्टर, आणि मग मुलाशी गप्पा. कुणी मारतं का, कुणी सगळ्यांसमोर हसतं का, हे आडून विचारा. शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे, तिथे मात्र गप्प बसायचं नाही. पण त्याच्याही आधी एक साधा प्रश्न विचारा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, ऑगस्टपासून रोज सकाळी पोट धरून यायचा. आईला वाटलं अभ्यासाचा ताण, मलाही तेच वाटलं, मी त्याचा गृहपाठ बंद केला. पोट दुखतच राहिलं. एक दिवस मधल्या सुट्टीत त्याच्या पाण्याच्या बाटलीकडे लक्ष गेलं, ती घरून आली तशीच भरलेली. केजीचं स्वच्छतागृह वर्गाला लागून होतं. पहिलीचं होतं जिन्याखाली, अंधारं, आणि तिथे चौथीची मुलं बाहेरून कडी लावायची. तो सहा तास पाणी प्यायचा नाही.

तेव्हा आज रात्री अंथरुणात पडल्यावर, वहीचा विषय अजिबात न काढता, त्याला विचारा: "शाळेत शू लागली की तू कुठे जातोस रे?"